ठरलेला भाव, पाडलेला भाव : नगर जिल्ह्यातील घर-जमीन व्यवहारांच्या इतिहासातील एक धागा

घराचा सौदा तोंडी ठरल्यापासून ते घराची किल्ली खरेदीदाराच्या हाती पडेपर्यंत जो काळ जातो, त्या काळाच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे विक्रेत्याने मन, सामान आणि बहुधा पैसाही दुसरीकडे गुंतवल्यानंतर, ठरलेल्या रकमेतून काही रक्कम कमी करण्याची मागणी पुढे येणे हा प्रकार स्थावर मिळकतीच्या व्यवहाराइतकाच जुना असावा. अहमदनगर जिल्ह्यात (2024 पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) त्याला ‘ऐनवेळी भाव पाडणे’ किंवा नुसते ‘शब्द फिरवणे’ असे म्हणतात. शब्द फिरवणाऱ्याला नावे ठेवण्यापलीकडे या प्रकाराचा विचार सहसा केला जात नाही. परंतु या जिल्ह्यातील मिळकतींच्या हस्तांतराचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, शब्द आणि ताबा यांच्यामधले अंतर बुजवण्यासाठी प्रत्येक राजवटीने काही ना काही उपाय केले आणि त्या प्रत्येक उपायातून अंतराची एक नवी जागा तयार झाली.

हे अंतर समजण्यासाठी व्यवहाराचे टप्पे आधी ध्यानात घ्यावे लागतात. किंमत ठरली की खरेदीदार तिचा एक छोटा भाग आगाऊ देतो, त्याला इसार किंवा विसार म्हणतात आणि त्याची जी लेखी पोच घेतली जाते ती इसारपावती. त्यानंतर सविस्तर करार होतो, त्यात किंमत, मुदत, ताब्याची तारीख आणि दोन्ही बाजूंच्या जबाबदाऱ्या लिहिलेल्या असतात; हे साठेखत. शेवटी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवले जाते ते खरेदीखत, आणि मालकी बदलते ती या अखेरच्या कागदाने. इसार आणि खरेदीखत यांच्यामध्ये पूर्वी काही दिवस जात, आता काही महिने, क्वचित वर्षेही जातात.

इसाराची कल्पना इंग्रजी कायद्याबरोबर आली असा समज असेल तर तो चुकीचा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत ‘सत्यंकार’ या नावाने ती आलेली असून, कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत तिचा खुलासा करताना अंगठीसारखी वस्तू दुसऱ्याच्या हाती ठेवून सौदा पक्का करण्याच्या रीतीचा उल्लेख केला आहे. तिथला नियम रोखठोक आहे : ज्याने खूण म्हणून वस्तू दिली तोच फिरला तर त्याने ती गमावावी आणि ज्याने घेतली तो फिरला तर त्याने दुप्पट परत करावी. महाराष्ट्रात वारसा आणि मिळकतीच्या बाबतीत मिताक्षरेचाच अधिकार मानला जात असल्यामुळे या नियमाचे महत्त्व केवळ पुस्तकी नाही. जमीन हस्तांतरित होताना गाव, भाऊबंद, शेजारी आणि वारस यांची संमती असावी आणि सोन्यासह पाण्याचे अर्घ्य सोडावे, असेही मिताक्षरेत सांगितले आहे. गावाची संमती व्यवहार सर्वांना कळावा म्हणून आणि शेजाऱ्याची संमती शिवेचा वाद उठू नये म्हणून, असे तिचे स्पष्टीकरण टीकाकारच देतो, आणि ते व्यवहारी आहे. मात्र या सगळ्या विचारात गृहीत धरलेला माणूस सौदा मोडणारा आहे. सौदा न मोडता तो स्वस्तात पाडून घेणारा माणूस शास्त्रकारांच्या यादीत नीटसा बसत नाही.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमदने वसवलेले नगर शहर निजामशाहीची राजधानी झाले आणि या प्रदेशातील जमीनव्यवस्थेला, विशेषतः मलिक अंबरच्या काळात, जे वळण मिळाले ते पुढे मराठ्यांच्या अमलातही बऱ्याच अंशी टिकले. गावाचे दोन भाग मानले जात : शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. वंशपरंपरेने जमीन धारण करणारा तो मिरासदार, त्याच्या हक्काची जमीन ती मिरास, आणि बाहेरून येऊन मुदतीने कसणारा तो उपरी. मिरास विकता येत असे, आणि पांढरीतला घरवाडा पुष्कळदा तिच्याबरोबरच जाई. अशा विक्रीचे कागद गोतासमोर होत. गोत म्हणजे पाटील, कुलकर्णी, गावकरी आणि बलुतेदार यांची एकत्र बसलेली सभा. कागदावर पाटलाची निशाणी नांगर असे, इतरांच्या निशाण्या त्यांच्या त्यांच्या हत्यारांच्या, आणि मजकुरात विकणाऱ्याने राजीखुशीने, आत्मसंतोषाने लिहून दिल्याचे, किंमत पावल्याचे आणि पुढे जो हरकत करील तो गोताचा खोटा व दिवाणाचा गुन्हेगार ठरेल असे म्हटलेले असे.

या कागदांत विक्रीचे कारणही लिहीत. दुष्काळ पडला, सरकारची बाकी थकली, दंड भरायचा आहे, खाण्याला काही नाही, अशी ती कारणे वाचली म्हणजे ‘आत्मसंतोष’ हा शब्द किती ताणलेला होता हे कळते. भाव पडलेला असे तो सौदा ठरण्याआधीच, गरजेपोटी. पण एकदा ठरला की पाडायला जागा फार थोडी उरे, कारण बोलणे, मोजणे, लिहिणे आणि साक्ष घालणे या गोष्टी एकाच बैठकीत, एकाच मंडळीसमोर उरकत. शब्द फिरवणाऱ्याला त्याच पांढरीत उद्या पाणी भरायचे असे. गोताची ताकद कायद्याच्या बारकाव्यात नव्हती, ती या एका गोष्टीत होती.

1818 मध्ये इंग्रजी अंमल आला आणि कॅप्टन हेन्री पॉटिंजर या जिल्ह्याचा कलेक्टर झाला, तेव्हापासून गोताची जागा हळूहळू कचेरीने घेतली. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्यांची मुदत कमी केली, तेव्हा सावकार दर थोड्या वर्षांनी कर्जरोखा नव्याने लिहून घेऊ लागले. 1860 च्या दशकातील नोंदणीच्या कायद्यांनी शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या मिळकतीचा कागद नोंदवणे सक्तीचे केले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव 1865 नंतर उतरला, त्यातच शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली, आणि ज्या कुणब्याने तेजीच्या भरवशावर कर्ज काढले होते त्याच्यापुढे जमीन आणि घर लिहून देण्यावाचून मार्ग राहिला नाही. येथे पहिल्यांदा ठळकपणे दिसते ती लिहिलेल्या आणि हाती पडलेल्या रकमेतील तफावत. कागदावर आकडा एक, पदरात पडलेले रुपये कमी, आणि ‘भरून पावलो’ हे शब्द मात्र पक्के, अशी तक्रार रयतेकडून वारंवार होत असे. गोतासमोर जे होणे अवघड होते ते निरक्षर माणूस आणि अनोळखी कारकून यांच्यामध्ये सहज होऊ शकले.

1875 च्या दख्खनच्या दंग्यांची ठिणगी घरावरूनच पडली, याचे स्मरण इथे ठेवण्यासारखे आहे. घोड नदीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने थोडक्या कर्जापोटी बाबासाहेब देशमुख यांच्यावर हुकूमनामा मिळवला आणि 1874 च्या अखेरीस त्यांचा वाडा पाडायला घेतला; त्यातून गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढच्या वर्षी 12 मे रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला आणि तो नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. दंगेखोरांना पैशापेक्षा कागद हवे होते. रोखे, खरेदीखते आणि हुकूमनामे बाहेर काढून त्यांनी ते जाळले, आणि ज्या सावकाराने कागद मुकाट्याने दिले त्याच्या अंगाला बहुधा हात लावला नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी केला. या कायद्याने ग्रामनिबंधक नेमले. शेतकऱ्याने करून द्यायचा कागद या निबंधकाने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहायचा, मोबदला किती व कशा स्वरूपाचा ते पूर्णपणे नमूद करायचे, आणि तो मोबदला आपल्यासमोर दिला गेला की नाही याचा शेरा मारायचा, अशी ही योजना होती. कागदावर खरेदी लिहिली असली तरी मूळ व्यवहार गहाणाचा होता हे दाखवण्याची मुभाही न्यायालयात मिळाली. गोताचे काम एका पगारी माणसावर सोपवण्याचा हा प्रयत्न होता असे म्हणता येईल. हेतू चांगला होता. पण निबंधक पैसे मोजताना पाहू शकत होता, बाहेर पडल्यावर त्यांतले किती परत गेले हे पाहू शकत नव्हता.

मिळकत हस्तांतरणाचा कायदा 1882 चा असला तरी मुंबई इलाख्यात तो 1 जानेवारी 1893 पासून लागू झाला, आणि आजच्या व्यवहाराचा सांगाडा त्याच कायद्याने घातला. त्याच्या कलम 54 प्रमाणे विक्रीच्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही; म्हणजे इसार घेतला, साठेखत केले, तरी घर विक्रेत्याचेच. कलम 55 मध्ये विक्रेत्याने सहज न दिसणारा दोष सांगितला पाहिजे असे बंधन आहे, आणि मालकी गेली पण पूर्ण किंमत आली नाही तर उरलेल्या रकमेचा बोजा त्या मिळकतीवर राहील अशी तरतूदही आहे. कागदोपत्री विक्रेता सुरक्षित दिसतो. परंतु 1872 च्या करार कायद्यातील कलम 63 इकडे फारसे कोणी पाहत नाही. ज्याला येणे आहे त्याने ते पूर्णपणे किंवा अंशतः सोडून दिले, तर त्याबदल्यात त्याला काही मिळाले नसले तरी ती सूट बंधनकारक ठरते, असा त्याचा आशय आहे. इंग्लंडात जुन्या निवाड्यांमुळे नियम उलटा आहे. तिथे नव्या मोबदल्याशिवाय कमी रक्कम घेण्याचे कबूल केले तरी बाकीची मागता येते. कलम 63 मुळे आपल्याकडे मात्र खरेदीखताच्या सकाळी विक्रेत्याने नाइलाजाने मान हलवली की मामला संपला. दडपण किंवा फसवणूक सिद्ध करण्याची वाट कायद्याने उघडी ठेवली आहे, पण बाजारभावाचे दडपण हे कायद्याच्या अर्थाने दडपण नव्हे.

इंग्लंडचा उल्लेख आला म्हणून एक फरक नोंदवायला हवा. तिथे दोन्ही बाजूंनी सह्या केलेल्या करारप्रतींची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधला जात नाही, आणि म्हणून 1980 च्या दशकाच्या अखेरीस घरांचे भाव उतरले तेव्हा अदलाबदलीच्या आदल्या दिवशी भाव पाडण्याची चाल तिथे बोकाळली. नगरमध्ये इसारपावतीने बंधन आधीच पडलेले असते. तरीही भाव पडतो, आणि त्याचे कारण इसाराच्याच स्वभावात आहे.

इसार कायद्याने बांधतो तो देणाऱ्याला. खरेदीदाराने कसूर केली तर वाजवी मर्यादेतली इसाराची रक्कम जप्त करता येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1963 च्या फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास आणि 1969 च्या हनुमान कॉटन मिल्स या निकालांत मांडले आहे. व्यवहारात मात्र इसार बांधतो तो घेणाऱ्याला, कारण ज्याच्याकडे आला त्याने तो बहुधा दुसऱ्याच दिवशी खर्च केलेला असतो : सोसायटीचे कर्ज फेडले, मुलीच्या लग्नाचे कार्यालय ठरवले, दुसऱ्या जागेला स्वतः इसार दिला. घर विकणारा माणूस सहसा चैनीसाठी विकत नाही. खरेदीदाराने पाय मागे घेतला तर विक्रेत्याला इसार जप्त करण्याचा हक्क आहे, पण त्याला हवी आहे ती उरलेली रक्कम, आणि तीही ठरल्या तारखेला. शिवाय हातात इसारपावती असलेला खरेदीदार वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊ शकतो, करारपूर्तीच्या दाव्यासाठी त्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि दाव्यातल्या घराकडे दुसरे गिऱ्हाईक फिरकत नाही. अशा वेळी एखाद्या मध्यस्थाने, म्हणजे दलालाने, ‘थोडे तुम्ही सोडा, थोडे त्यांना वाढवायला लावतो’ असे म्हटले की विक्रेत्याला तो उपकारच वाटतो. दलालीही व्यवहार पूर्ण झाल्यावरच मिळते, ही गोष्ट तेवढ्यापुरती विसरली जाते.

भाव पाडण्याला निमित्त लागते, आणि नगरच्या जुन्या पेठांतील घरांनी ती निमित्ते भरपूर पुरवली आहेत. या अवर्षणप्रवण मुलखातील जुनी घरे माळवदाची. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या अंथरून वर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेले सपाट छप्पर म्हणजे माळवद. उन्हाळ्यात पाहिलेले असे घर कोरडे ठणठणीत असते, पाहणाऱ्याला फक्त त्याचा गारवा जाणवतो. मृगाचा पाऊस पडला की तुळईच्या टोकाशी, जिथे ती भिंतीत शिरते, तिथे काळपट ओल उतरते आणि लाकडाला आतून लागलेली वाळवी तेव्हाच नजरेस येते. चैत्रात इसार आणि आषाढात खरेदीखत असेल तर या ओलीची किंमत वजा होणार हे ठरलेले. त्यापुढची निमित्ते शेजाऱ्याची : सामायिक भिंत कोणाच्या मालकीची, पन्हाळीचे पाणी कोणाच्या बोळात पडते, मोरीचे पाणी कोणत्या वाटेने जाते. खरेदीखतात चतुःसीमा, म्हणजे चारही दिशांना काय आहे त्याचे वर्णन, लिहावे लागते, आणि सिटी सर्व्हेच्या मिळकतपत्रिकेवरील क्षेत्र प्रत्यक्ष मोजणीशी जुळले नाही की दर चौरस फुटाच्या हिशेबाने रक्कम उतरते. हे निमित्त पुष्कळदा खरेही असते, आणि खोट्यापासून ते वेगळे काढणे इतके अवघड असते की भाव पाडणाऱ्याचा तोच सर्वांत मोठा आधार ठरतो.

सर्वांत महाग निमित्त भाऊबंदकीचे. वकिलाने जाहीर नोटीस देऊन हरकती मागवल्या की आजवर गप्प असलेला चुलतभाऊ किंवा सासरी गेलेली बहीण पुढे येते, आणि तिचा हक्क खरा असतो. मग खरेदीखतात ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’ यांच्या जोडीला तिसरा पक्ष येतो, ‘मान्यता देणार’. त्याच्या सहीसाठी जी रक्कम द्यावी लागते ती विक्रेत्याच्या वाट्यातून जाते, आणि शिवाय ‘तुमच्या मिळकतीला डाग आहे’ असे म्हणून खरेदीदार आणखी काही कापतो. मिताक्षरेने भाऊबंदांची आणि शेजाऱ्यांची संमती सौद्याच्या आरंभी मागितली होती. आजची पद्धत ती सौद्याच्या शेवटी मागते, आणि शेवटी मागितलेल्या प्रत्येक संमतीला भाव येतो.

स्वातंत्र्यानंतर हे अंतर आणखी लांबले. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीला विक्रीपूर्वी परवानगी आवश्यक झाली, शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय विकता येईनाशी झाली, तुकडेबंदी कायद्याने प्रमाणापेक्षा लहान तुकड्यांच्या विक्रीवर बंधने घातली. सावेडी, केडगाव, बोल्हेगाव या बाजूंना शहर पसरले तेव्हा गुंठ्यागुंठ्याने घेतलेल्या जागांवर घरे उभी राहिली आणि 2001 च्या गुंठेवारी कायद्याने त्यांना नियमित होण्याचा मार्ग दिला. पण ‘नियमित व्हायचे आहे’ हे शब्दच पुन्हा भाव पाडण्याचे साधन झाले. मुद्रांक शुल्कासाठी सरकार दरवर्षी जागेचे दर जाहीर करते, त्याला बोलीभाषेत रेडी रेकनर म्हणतात. त्यामुळे कागदावरच्या किमतीला सरकारी तळ मिळाला, आणि त्याच्यावरची किंमत रोखीने देण्याची जुनी सवय तशीच राहिली. या रोख भागाचा उल्लेख साठेखतात नसतो, म्हणून शेवटच्या दिवशी कात्री चालते ती त्याच्यावर, आणि विक्रेत्याला तक्रार करायला तोंड उरत नाही. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोखीने घेण्यास 1 जून 2015 पासून बंदी आहे. 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीने हा रोख भाग एका रात्रीत निकामी केला तेव्हा देशभर अर्धवट राहिलेले सौदे नव्याने बोलावे लागले. आता रोखीची जागा बऱ्याच अंशी गृहकर्जाने घेतली आहे, आणि बँकेच्या मूल्यांकनकाराने ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आकडा दिला की खरेदीदाराला वेगळे निमित्त शोधावे लागत नाही.

चढत्या बाजारात हीच चाल उलट दिशेने खेळली जाते, आणि जिल्ह्याने तीही पाहिली आहे. प्रवरेच्या कालव्यांचे पाणी आणि साखर कारखाने आले तेव्हा, आणि अलीकडे ऑक्टोबर 2017 मध्ये काकडी येथील शिर्डी विमानतळ व डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा सुरू झाल्यावर, इसार घेऊन बसलेल्या विक्रेत्यालाच ठरलेला भाव कमी वाटण्याचे दिवस आले. स्थावराच्या व्यवहारात मुदत सहसा करारातली निर्णायक अट मानू नये, ही प्रिव्ही कौन्सिलने 1915 मध्ये मुंबईकडच्याच एका दाव्यात सांगितलेली भूमिका झपाट्याने चढणाऱ्या भावांच्या काळात तपासून पाहावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या शारदामणी कंदप्पन निकालात सुचवले. करारपूर्तीविषयीच्या कायद्यात 2018 मध्ये झालेल्या दुरुस्तीने असा हुकूम देण्यातील न्यायालयाचे स्वेच्छाधिकार कमी केले. या दोन्ही गोष्टींचा उपयोग दाव्यापर्यंत जाण्याची ऐपत असणाऱ्याला आहे.

पाडलेल्या भावाचा परिणाम त्या दोन घरांपुरता राहत नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार जमिनीचा मोबदला ठरवताना आसपासच्या गावांत मागील तीन वर्षांत नोंदवलेल्या खरेदीखतांतील किमती पाहिल्या जातात आणि त्यांतील चढ्या निम्म्या किमतींची सरासरी काढली जाते. महामार्गाची आखणी गावाच्या शिवारातून गेली की दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून जुन्या दस्तांच्या नकला निघू लागतात, आणि कोणी तरी कधी तरी नाइलाजाने सोडून दिलेले, किंवा रोखीत दडवलेले, लाख-दोन लाख त्या आकड्यांत नसल्यामुळे शेजारच्या गटातील शेतकऱ्याला कमी दराची नोटीस येते.